सूर्य समुद्रातून उगवू देऊ नका : मराठी मालिकावाल्यांना किनाऱ्यावरून खुले पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांचे कार्यक्रम प्रमुख, मालिकांचे निर्माते, कथा-पटकथा-संवाद लेखक, कला दिग्दर्शक आणि वेशभूषाकार यांस,

स. न. वि. वि.

कोकणातली गोष्ट सांगणाऱ्या मालिकांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि आकेरी गावातलं तिच्या चित्रीकरणाचं घर बघायला लोक गाड्या करून येऊ लागले. २०२५ मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या ‘कोण होतीस तू, काय झालीस तू’लाही कोकणचीच पार्श्वभूमी. याबद्दल आमची तक्रार नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की घराघरात टीव्ही लागतो, जेवणाची ताटं त्याच्यापुढे येतात, आणि कालच्या भागाचा पंचनामा दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात, एसटीत आणि बचत गटाच्या बैठकीत होतो. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे आले की कुठली मालिका वर, कुठली खाली, हेही इथे तोंडपाठ असतं. मात्र मोजणीचा मीटर कुणाच्या घरी बसवलाय ते गुप्त ठेवतात, आणि तसं ठेवायलाच हवं. त्यामुळे आमचं मत त्या आकड्यांतून तुमच्यापर्यंत पोचतं की नाही, कोण सांगणार? म्हणून हे पत्र. यातल्या चुका कुठल्या एका मालिकेच्या नाहीत, वाटून घ्या.

हल्ली पंचनाम्यात कथानकापेक्षा या चुकाच जास्त निघतात. सासूने नवं कारस्थान काय केलं यापेक्षा ‘फेब्रुवारीत लावणी कशी काय?’ यावर जास्त हसतात माणसं. तुमच्या कोकणात माड आहेत, होडी आहे, कौलारू घर आहे. वेळापत्रक तेवढं नाही. इथे भरती, पाऊस, मोहर, मासेमारीची बंदी, पालखी, गाडी, सगळं आपापल्या वेळेला येतं आणि माणसांची भांडणं, लग्नं, कर्जं, रुसवेफुगवे त्या वेळांना बांधलेले असतात. ते काढून टाकलं तर घाटावरची कुठलीही गोष्ट माडाखाली आणून ठेवता येईल. तुम्ही बऱ्याचदा तेच करता.

सगळ्यात सोपी चूक आधी सांगतो. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य उगवतो सह्याद्रीच्या मागून आणि बुडतो समुद्रात. तरी नायिका पहाटे न्हाऊन, तुळशीला पाणी घालून पुळणीवर येते आणि समोर पाण्यावर केशरी गोळा! संध्याकाळचा शॉट सकाळचा म्हणून लावलाय हे इथलं शेंबडं पोरही ओळखतं. सकाळी माडांच्या सावल्या समुद्राकडे पडतात, संध्याकाळी घरांकडे. पहाटच हवी असेल तर कॅमेरा समुद्राकडे पाठ करून लावा. आधी डोंगराची कड उजळते, मग माडांचे शेंडे, आणि पुळण बराच वेळ निळसर सावलीत असते. या उजेडात नायिकेचा चेहराही जास्त चांगला दिसेल.

भरती-ओहोटीचं तसंच. साधारण सहा तासांनी पाणी फिरतं आणि रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. एकच संभाषण दुपारी बारा ते चार घेतलं, की नायकाच्या मागचं पाणी पायाशी आणि नायिकेच्या मागचं वीस पावलं लांब. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी हलतं. लांबलचक प्रसंग तेव्हा घ्यावेत. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब कुठलाही खलाशी सांगेल : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नवाच्या. थोडं मागेपुढे होतं, पण शूटिंगचं वेळापत्रक आखायला एवढं पुरतं.

आता मुख्य दुखणं. ते कुठून येतं हेही आम्हाला कळतं. रोज एक भाग द्यायचा असतो. सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला किंवा घोडबंदर रोडला. कोकणात युनिट येतं ते थोड्या दिवसांच्या आउटडोअरला, आणि शक्यतो पाऊस टाळून, कारण पावसात कॅमेरा, दिवे, जनरेटर सांभाळणं खर्चाचं. त्या दिवसांत घेतलेले घराचे, वाटेचे, सड्याचे (कातळाच्या पठाराचे) शॉट मग वर्षभर वापरले जातात. सण मात्र तुम्ही कॅलेंडरप्रमाणे ज्या त्या दिवशी दाखवता. मग गणपतीच्या भागात आरती चालू आणि खिडकीबाहेर करडं, वाळलेलं गवत. प्रत्यक्षात भाद्रपदात कातळसुद्धा दिसत नाही, इतका सडा हिरवा असतो. त्यावर सोनकी आणि तेरडा. चिऱ्याच्या गडग्यावर बोटभर शेवाळ चढलेलं असतं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. घर ठरलं की त्याच्यासमोर तीन जागा पक्क्या करा : खळ्याची (अंगणाची) कड, वाटेचं वळण आणि मागचं परसू. तिथे चिऱ्यावर रंगाची खूण करा. लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि रोख वहीत लिहून ठेवा. मग वर्षातून पाच वेळा दोन माणसं पाठवा : जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, गणपतीच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर, जानेवारीत आणि एप्रिलअखेर. प्रत्येक जागेवरून सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि रात्र असे चार तुकडे घेतले तर वर्षाचे साठ झाले. दोन-तीनशे भागांना ते पुरतात. आवाजही तेव्हाच भरून घ्या. जूनच्या रात्रीचे बेडूक आणि पागोळ्यांचा आवाज स्टुडिओच्या साठ्यातल्या ‘पावसा’ने भागत नाही.

घरही वर्षभर सारखं राहत नाही. पाऊस यायच्या आधी खळ्यावरचा मांडव उतरतो, पडवीच्या उघड्या बाजूला झापांची झडी बांधतात, जळाऊ लाकडं आत येतात. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास खळं नव्याने चोपून सारवलं जातं. सारवणाबद्दल कला दिग्दर्शकांना एक विनंती. सेटवरची जमीन एकसारखी हिरवट रंगवलेली असते, कॅरमबोर्डासारखी गुळगुळीत. खऱ्या सारवणात हाताच्या फटकाऱ्यांच्या कमानी एकात एक अडकलेल्या दिसतात. सारवणारी बाई भिंतीकडून दाराकडे मागे मागे सरकत येते, म्हणून सगळ्या कमानींचा रोख एकच असतो. रंगवणाऱ्याला मोठा ब्रश देऊ नका. हातात फडका द्या आणि उकिडवं बसवा, आपोआप जमेल.

बागायतदाराचं घर दाखवता तर आंबाही नीट दाखवा. झाडावर पिवळाधमक झालेला हापूस हाताने तोडून नायिका खाते, हे आम्ही किती वेळा बघायचं? हापूस हिरवा असतानाच, तयार झाला की काढतात. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढतात आणि देठासकट काढतात. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि त्या फळाचा भाव जातो. नंतर आढीत भाताच्या पेंढ्यावर आठ-दहा दिवस. मोहर नोव्हेंबरपासून, पण थंडी पडली तर. काढणी मार्च ते मे. मधल्या काळात घरातल्या माणसाचं लक्ष आभाळाकडे असतं. जानेवारीत ढगाळ हवा राहिली की तुडतुडा आणि भुरी येते, फवारणीचा खर्च वाढतो, आणि मार्चमध्ये अवकाळी सर आली की हातातलं जातं. बागायतदाराच्या घरात लग्न मोडायला, कर्ज फेडता न यायला, मुलाने मुंबई गाठायला खलनायिका लागत नाही. ढगाळ आठवडा पुरतो. तुम्ही मात्र खलनायिकेलाच बागेत रात्री विष ओतायला पाठवता.

भातशेतीचं थोडक्यात : भाजावळ (जमीन भाजणं) पावसाआधी, पेरणी मृगाच्या आसपास, लावणी जुलैत, कापणी ऑक्टोबरात. डिसेंबरात हिरवं शेत डोलत नाही, तिथे कुळीथ-वाल तरी असतो नाहीतर गुरं चरत असतात.

मासेमारीच्या गोष्टींत बंदी दिसतच नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला मनाई असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला पडवीत येतात, खलाशी गावाला जातात. दोन महिने रोख पैसा नाही, आणि नेमका तेव्हाच शाळेचा खर्च. तुमच्या मालिकेत मात्र जुलैच्या मध्यावर, वादळी रात्री नायकाचा बाप बोट घेऊन निघतो आणि घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही. असा प्रसंग लिहायचाच असेल तर बंदी मोडून जाणारा माणूस दाखवा : मत्स्य विभागाची कारवाई, बोटीच्या विम्याचा प्रश्न, सोसायटीत कुजबुज. मग त्या रात्रीला वजन येईल. आणि नारळी पौर्णिमेचं नृत्य दाखवून झालं असेल तर पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याचे) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्या वादाकडेही बघा. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणीत (ओढजाळ्याच्या मासेमारीत) किनाऱ्यावरून दोन्ही दोर ओढणारी माणसं एकाच संघाची असतात, मासळीचे वाटे ठरलेले असतात. त्यातल्या एका घरचा मुलगा एलईडीच्या झगमगाटाने मासे ओढणाऱ्या बोटीवर कामाला लागला तर घरात काय होईल? सहा महिन्यांचं कथानक आहे, फुकट घ्या.

स्वयंपाकघर तर तुम्ही साफ विसरलात. मे महिन्यात इथे आगोटीची धावपळ असते. सुके बांगडे, सुकट, मीठ, मिरची, आमसुलं, कुळीथ, पापड, फणसाचे तळलेले गरे, सगळं पाऊस लागायच्या आत भरून ठेवायचं. आमसुलं एका दिवसात होत नाहीत. रतांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, असं चार-पाच दिवस. पहिली वळवाची सर आली की वाळवण उचलायला सगळं घर धावतं. दोन जावा एकमेकींशी बोलत नसतील तर त्या क्षणी बोलतात. असा प्रसंग सोडून तुम्ही जावांना डायनिंग टेबलावर पनीर वाढायला लावता. आणि सोलकढी चुलीवर उकळू नका हो. नारळाचं दूध फाटतं.

गणपतीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण दरवर्षी त्यावर तुमचे महाएपिसोड असतात. कोकणातला घरचा गणपती दुकानातून ऐनवेळी आणत नाहीत. बहुतेक घरांचा पाट ठरलेल्या गणपतीच्या शाळेत आधीच, नागपंचमीच्या सुमारास पोचतो, आणि मूर्ती त्याच पाटावर घडते. वर माटवी, म्हणजे रानातली फळं-फुलं-पानं बांधलेली चौकट, असते. ती फुलांच्या दुकानातून येत नाही. आदल्या दिवशी रानात फिरून नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, हरणं, शेरवडं, तेरडा, आंब्याचे टाळे जमवतात आणि सुंभाने बांधतात. कोण काय कुठून आणणार यावर घरात वाद असतो. माटवी बांधणारा जाणता माणूस त्या वर्षी नसेल, आजारी असेल किंवा भावकीत भांडण म्हणून आला नसेल, तर ती रिकामी जागा कॅमेऱ्याला सहज दिसते. तुमच्या सेटवर माटवीच्या जागी थर्माकोलची कमान असते.

मग गौर. अनेक घरांत ती तेरड्याची असते, मुखवट्याची नाही. कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा नैवेद्य असतो. गणपतीसमोर पडदा ओढून तो दाखवतात. हे लपवण्यासारखं काही नाही, दाखवायला हरकत नाही. आणि ओवसा, म्हणजे सुनेने सुपं-वाण भरून गौरीला करायचा विधी! नव्या सुनेचा पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. सूर्याचं पूर्वा नक्षत्र चालू असताना, म्हणजे साधारण ऑगस्टच्या अगदी अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्याच्या आत गौरी आल्या, तरच तो भरतात. नाहीतर सून पुढच्या वर्षाची वाट बघते. २०२६ ची गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, गौरी त्याच्याही नंतर. तेव्हा पूर्वा सरलेली असणार. म्हणजे त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुना थांबणार. सुपं, वाण, माहेरहून येणारा आहेर, कुणाला किती सुपं द्यायची यावरचे मान-अपमान आणि वर एका वर्षाचा उशीर. त्या वर्षात घरात काय काय बदलेल! सासू-सून मालिकांचा धंदा करणाऱ्या माणसांना हे अजून कुणी सांगितलं नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

शिमग्याला रंग उधळत नाचणारी माणसं नकोत. पालखी कुठल्या वाडीत कधी, कुणाच्या अंगणात आधी, होळीच्या खांबाला पहिला हात कुणाचा, हे मानाप्रमाणे ठरलेलं असतं, आणि वाद कोर्टापर्यंत गेलेली गावं आहेत. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर पंचांगात नसतेच. देवीचा कौल झाला की ती जाहीर होते. मग मुंबईत रजेचे अर्ज आणि तिकिटांची मारामारी सुरू होते. दशावतार मंडळांचा हंगामही पावसाळा सोडून. आषाढात रात्री देवळात दशावतार रंगलाय असं लिहू नका.

तिकिटांवरून आठवलं. मालवणला रेल्वे स्टेशन नाही. देवगडला, वेंगुर्ल्याला, दापोलीला, गुहागरलाही नाही. मालवणचा माणूस कुडाळला, सिंधुदुर्गनगरीला किंवा कणकवलीला उतरतो, दापोलीचा खेडला, गुहागरचा चिपळूणला. तिथून पुढे एसटी, सहा आसनी किंवा न्यायला आलेला भाऊ. स्टेशन ते घर या तासा-दीड तासात तुमचे तीन चांगले संवाद होऊ शकतात. तुम्ही मात्र नायकाला थेट दारात उतरवता. सकाळी कुडाळला भांडण, दुपारी मुंबईच्या ऑफिसात मीटिंग आणि रात्री परत माजघरात, हेही चालत नाही. रात्रीच्या गाडीने गेलं तर माणूस सकाळी पोचतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. जोराच्या पावसात, पुढचं दिसेनासं झालं की गाड्या ताशी चाळीस किलोमीटरने चालवतात. दरड आली तर पनवेलपर्यंत माणूस अडकतो. बापाच्या शेवटच्या भेटीला मुलगा वेळेवर पोचेल का, हे इथल्या घरात खरंच त्या गाडीवर अवलंबून असतं. खलनायकाने टायर पंक्चर करायची गरज नाही.

जमिनीच्या कागदांबाबत तर आमचे वकील, तलाठी, अर्ज लिहिणारे सगळे मालिका बघताना रिमोट आपटतात. काकाने कोऱ्या कागदावर पुतण्याची सही घेतली आणि पुढच्या भागात बाग काकाच्या नावावर! असं होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. तिथे स्वतः हजर राहायचं, फोटो, अंगठ्याचे ठसे, ओळख पटवणारे साक्षीदार. मग तलाठ्याकडे फेरफाराची नोंद, हितसंबंध असलेल्यांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबारा बदलतो. कुणी हरकत घेतली की सुनावणी, तारखा. शिवाय शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मुंबईचा उद्योगपती एका चेकवर पन्नास एकर बाग उचलतो हे लिहिताना एवढं तरी बघा. घर गावठाणात असेल तर त्याचा सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो.

खरं नाट्य त्या सातबाऱ्यावरच आहे. एका सामाईक उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, दोन वारलेली आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. घराचं कौल बदलायचं तरी कुणीतरी विचारतं, ‘आम्हाला सांगितलंत?’ हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून मे महिन्यात किंवा गणपतीत बहिणी माहेरी आल्या की दुपारच्या चहाला हक्कसोड पत्राचा विषय हळूच निघतो. भाऊ वाईट नसतो. बहीणही लोभी नसते. वहिनी मध्येच कपबशा उचलते. ‘तुला काय कमी आहे?’ हा प्रश्न कोण विचारतं, त्यावर पुढची दहा वर्षं ठरतात. तो कागदही नोंदवावाच लागतो, त्यामुळे रिक्षा करून तालुक्याला जाण्याचा प्रसंग आहे, रांगेत बसण्याचा आहे, अंगठ्याला लागलेली शाई पुसण्याचा आहे. एवढं असताना कोरा कागद कशाला?

भाषेचं. मालवणी ही सबंध कोकणाची बोली नाही. ती कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडची. राजापूर-लांज्याकडे वळण बदलतं, संगमेश्वर-चिपळूणकडे संगमेश्वरी, रायगडात आगरी. खारवी, दालदी, कोकणी मुसलमान, चित्पावन यांच्या आणखी वेगळ्या. गुहागरच्या खोताच्या घरात ‘माका-तुका’ ऐकलं की आम्ही दचकतो. प्रमाण मराठीच्या शेवटी ‘गो’ चिकटवूनही काम होत नाही. ‘मला माहीत नाही गो’ असं सावंतवाडीत कुणी म्हणत नाही, ‘माका म्हायत नाय गो’ म्हणतात. त्यातही एकच माणूस दिवसभर एकसारखा बोलत नाही. आजी शेजारणीशी मालवणीत, बँकेतल्या साहेबाशी जपून प्रमाण मराठीत, आणि मुंबईच्या नातवाशी दोन्ही मिसळून बोलते. संवादलेखकाने आधी एवढं ठरवावं : पात्राचं गाव कुठलं, वय किती, समोर कोण आहे. बोलीचा जाणकार नुसता वाचनाला बोलावू नका. तो सेटवर हवा, आणि शॉट चुकला तर थांबवायचा हक्क त्याला हवा. नटांना संवाद कागदावर देण्याआधी त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून द्या. चूक शब्दांपेक्षा हेलात जास्त होते.

भुतांबद्दल नाराजी जुनी आहे, फार लांबवत नाही. राखणदार, देवचार हे गावाचे राखणारे; त्यांना वर्षाचा मान देतात. त्यांच्यावर लाल दिवा टाकून हडळीच्या रांगेत उभं करू नका. देवाला कौल लावताना काय असतं ते बघा : पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि कुठल्या बाजूची आधी सुटते त्याची वाट बघायची. गाऱ्हाणं घालणारा एक, ‘होय महाराजा’ म्हणणारे सगळे. यात भीतीपेक्षा ताण जास्त आहे, आणि तो कॅमेऱ्यावर फुकट मिळतो. भगत, करणी, उतारा दाखवायचाच असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याच गावात लागू आहे आणि त्याखाली तक्रार देणारी माणसंही त्याच गावात आहेत, हेही दाखवा.

एका बाबतीत मात्र हसून सोडता येत नाही. नायिकेला साप चावतो, नायक जखमेला चीर देऊन विष तोंडाने ओढतो, नाहीतर पायाला दोरी आवळतो, नाहीतर कुणी मांत्रिक येतो. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही इथे आहेत, आणि हे बघून तसंच करणारी माणसंही आहेत. चीर देऊ नये, विष ओढू नये, करकचून बांधू नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढावेत. हातपाय न हलवता ठेवून, चालायला न लावता माणसाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावं. उपाय प्रतिविषाच्या इंजेक्शनचाच. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. हा प्रसंग नीट लिहिलात तर त्यात जीप मिळण्यापासून साकव ओलांडण्यापर्यंत सगळा थरार आहे.

आता प्रक्षेपणाबद्दल. जून ते सप्टेंबर, रात्री साडेआठच्या सुमाराला सर जोरात आली की डीटीएचच्या छत्रीचा सिग्नल जातो, कारण त्या लहरी पावसात विरतात. पाठोपाठ वीज जाते. नेमके तेव्हाच तुमचे तासाभराचे महाएपिसोड. अ‍ॅपवर बघा म्हणता, जिओहॉटस्टार नाहीतर झी५. पण पावसात रेंजही तशीच, आणि वर्गणी वेगळी. मोठे भाग ऑक्टोबरनंतर ठेवता आले तर ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते तीनच्या मध्ये त्यांचं पुनःप्रक्षेपण करा. लावणीच्या दिवसांतही बायका तेव्हा जेवायला घरी असतात. सकाळी अकराला दाखवून उपयोग नाही, त्या शेतात असतात. आणि प्रोमोत दाखवलेला अपघात भागात स्वप्न निघतो, हे आता पुरे. स्वप्नाचे प्रोमो लागले की आमच्याकडे तो भाग चुकवायचा आणि आदल्या भागाची उजळणी बघून पुढे चालायचं अशी रीत पडली आहे.

तुमच्यापैकी कुणी लावणीचे शॉट घ्यायला येणार असेल तर जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात या. कॅमेऱ्याला प्लास्टिकची खोळ आणा, बायकांना लावणीला रेशमी साड्या नेसवू नका, आणि बांधावरून एकामागून एक चाला. नुकता घातलेला बांध दोन माणसं शेजारी चालली की ढासळतो आणि खाचरातलं पाणी खाली उतरतं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचे मालिका-प्रेक्षक